विश्लेषण : शाळेच्या ग्रुपवर आलेला ‘जीआर’ आजही लागू आहे का? बुरोंडीतल्या पालकांनी नेमके पाहायचे कुठे?

पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला. १७ जूनला सुधारित निर्णय आला. २९ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही शासन निर्णय रद्द करत असल्याचे जाहीर केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाईल असे सांगितले. अडीच महिन्यांत एकाच विषयाने तीन वळणे घेतली. पण व्हॉट्सअॅपवरून फिरलेले पीडीएफ रद्द होत नाहीत. ते पालकांच्या मोबाइलमध्ये तसेच पडून राहतात आणि पुढच्या जूनमध्ये कुणीतरी ते पुन्हा ‘फॉरवर्ड’ करते.

मुलांशी संबंधित धोरणांचे गेल्या दोन-तीन वर्षांत असेच झाले आहे. गणवेश, पोषण आहारातील अंडे, कमी पटाच्या शाळांतील शिक्षक, खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागा अशा जवळपास प्रत्येक विषयात निर्णय आला आणि काही महिन्यांत बदलला किंवा मागे घेतला गेला. धोरण काय आहे, यापेक्षा ‘आज’ काय आहे हे कळणे त्यामुळे जास्त अवघड झाले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील बुरोंडी हे समुद्रकाठचे, मासेमारीचे गाव. पृथ्वीगोलावर उभ्या असलेल्या परशुरामाच्या भव्य पुतळ्यामुळे पर्यटकांना ते माहीत असते. कागदाच्या हिशेबाने पाहिले तर मंत्रालय मुंबईत, जिल्हा परिषद रत्नागिरीत, पंचायत समिती दापोलीत आणि शाळा किंवा अंगणवाडी गावात. आदेश या पायऱ्या उतरत खाली येतो. मोबाइलवर मात्र तो आधीच पोहोचलेला असतो, अनेकदा अर्धवट किंवा जुना.

कागद ओळखायचा कसा?

पहिली गल्लत नावातच होते. शाळेच्या ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक सरकारी पीडीएफला ‘जीआर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात अधिनियम म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा. अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि नियम बदलायचे असतील तर तीच लागते. शासन निर्णय म्हणजेच जीआर हा मंत्रालयातील विभाग काढतो. परिपत्रक सूचना देते आणि शुद्धिपत्रक आधीच्या कागदातील चूक दुरुस्त करते. शिक्षण आयुक्त, संचालक किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी यांचे पत्र ही आणखी खालची पायरी. पत्राने जीआर बदलत नाही आणि जीआरने कायदा बदलत नाही. वाद झाला की हाच क्रम कामाला येतो.

खरा जीआर ओळखण्याची सोपी खूण त्याच्या शेवटी असते. तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे एक ठरलेले वाक्य तिथे असते आणि त्यात १८ आकडी संकेतांक दिलेला असतो. हा क्रमांक उगाच दिलेला नाही. पहिले चार आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. नंतर वेळ येते. शेवटचे दोन आकडे विभागाचे : शालेय शिक्षण व क्रीडा विभागासाठी २१, महिला व बालविकास विभागासाठी ३०. म्हणजे ‘अंगणवाडीचा नवा निर्णय’ म्हणून आलेल्या कागदाचा संकेतांक २०१८ने सुरू होत असेल, तर तो नवा नाही हे पहिल्या चार आकड्यांतच कळते.

राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील ‘शासन निर्णय’ या भागात विभाग निवडून किंवा हाच संकेतांक टाकून मूळ प्रत शोधता येते. त्यासाठी लॉगिन लागत नाही. संकेतांक टाकूनही कागद सापडत नसेल, तर तो शाळेच्या नोटीस बोर्डावर लावण्याआधी विचारणा केलेली बरी.

दुसरी खूण वरच्या बाजूला असते. जीआरच्या सुरुवातीला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या मथळ्याखाली आधीच्या निर्णयांची यादी येते. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. पण एखाद्या विषयाचा इतिहास तारखांसकट तिथेच असतो. मजकुरात ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ असे शब्द दिसले की यादीतला अमुक कागद आता लागू नाही, असा त्याचा अर्थ. नवा जीआर जुन्याकडे बोट दाखवतो. जुना जीआर मात्र आपण रद्द झालो हे स्वतः सांगत नाही. म्हणून शोध नेहमी अलीकडच्या तारखेपासून मागे घ्यावा लागतो.

काही महिन्यांचे निर्णय

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे किंवा त्याऐवजी केळी देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा वेगळा निधी थांबला. द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या, असे सांगण्यात आले. ‘आमच्या शाळेत अंडे का बंद झाले?’ या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांकडे नाही, या कागदात आहे. आणि लोकसहभागाचा मार्ग खुला आहे, हेही त्याच कागदात आहे.

‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत २०२४-२५ या वर्षासाठी कापड आणि शिलाईचे काम राज्यपातळीवर एकवटले गेले. गणवेश उशिरा आले, मापात बसेनात, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. म्हणजे आज गणवेश खराब निघाला तर जाब विचारण्याची जागा बदललेली आहे.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण २५ टक्के जागांचे. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी खासगी विनाअनुदानित शाळांत जागा राखून ठेवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारी अधिसूचना राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढली. मुंबई उच्च न्यायालयाने आधी तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

इथे जीआर शोधण्याची युक्ती अपुरी पडते. न्यायालयाने रद्द केलेली अधिसूचना राजपत्राच्या जुन्या अंकात जशी होती तशीच असते. तिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का कुणी मारत नाही. अशा वेळी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरील निकाल किंवा त्या काळातील वर्तमानपत्रे पाहण्याला पर्याय नसतो.

तारीख चुकली तर पैसेही जातात

महिला व बालविकास विभागाच्या योजनांत जुन्या माहितीची किंमत थेट रुपयांत मोजता येते. ‘माझी कन्या भाग्यश्री’ योजनेची माहितीपत्रके आजही फिरतात. तिची जागा २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’ योजनेने घेतली. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबातील मुलींसाठी ती आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. मुलगी मार्च २०२३ मध्ये जन्मली की एप्रिलमध्ये, यावर सगळे ठरते. ग्रुपवरच्या पोस्टरमध्ये मात्र नेमकी हीच ओळ बारीक अक्षरात असते.

दोन्ही किंवा एक पालक गमावलेल्या, तसेच अन्य कारणांनी संगोपनाची अडचण असलेल्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचेही तसेच. तिचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाले. जुन्या लेखांत जुनाच आकडा दिसतो आणि ‘एवढ्यासाठी तालुक्याला किती खेपा मारायच्या’ म्हणून अर्ज राहून जातो. समुद्रावर उपजीविका असलेल्या गावात घरातला कमावता माणूस अचानक जाणे ही दूरची गोष्ट नाही.

शाळेचा पट : एक तारीख, एक आकडा

कोकणातील गावांसाठी सर्वांत मोठा प्रश्न छोट्या शाळांचा आहे. २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा राज्यात असून त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले शिकतात, ही शासनाची आकडेवारी २०२३ मध्ये चर्चेत आली. त्याच सुमारास अशा शाळांचे ‘समूह शाळां’त रूपांतर करण्यासाठी प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवण्यात आली. डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्यांमुळे रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत छोट्या शाळा जास्त. दोन वाड्यांमधले अंतर नकाशावर दीड किलोमीटर दिसते. मध्ये घाटी आणि पावसाळ्यात भरून वाहणारा पऱ्या असला तर ते अंतर सात वर्षांच्या मुलासाठी दीड किलोमीटर राहत नाही. राज्याच्या २०११च्या शिक्षण हक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे.

शिक्षकांचे निकष मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने बदलले आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. या सगळ्याच्या तळाशी एकच आकडा असतो, तो म्हणजे ३० सप्टेंबर रोजीचा पट.

हा आकडा कुणालाही पाहता येतो. केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’ या माहितीप्रणालीत देशातील प्रत्येक शाळेला ११ आकडी क्रमांक आहे. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्र २७, रत्नागिरी ३२. त्यामुळे बुरोंडीच काय, जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेचा क्रमांक २७३२ने सुरू होतो. संकेतस्थळावरील ‘नो युवर स्कूल’ या भागात क्रमांक किंवा नाव टाकले की पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, वीज अशी माहिती मिळते. शाळेत नळ कोरडा आहे आणि नोंदीत ‘पाण्याची सोय : आहे’ असे दिसते का, हे पालकांना पाच मिनिटांत तपासता येते. नोंद चुकीची असेल तर निधीची मागणीही अडते, कारण वरच्या कार्यालयाच्या लेखी तिथे अडचणच नसते.

वर्षांची तुलना करताना एक खाचखळगा आहे. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये शाळानिहाय बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखवण्याला त्यामुळे आळा बसला. देशातील एकूण विद्यार्थीसंख्या २०२१-२२ मधील सुमारे २६ कोटी ५२ लाखांवरून २०२३-२४ मध्ये सुमारे २४ कोटी ८० लाखांवर आली. यातली किती घट खरी आणि किती मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. गावातली शाळा ‘ओस पडली’ असे या दोन वर्षांची तुलना करून कुणी म्हणत असेल, तर आधी शाळेचे हजेरीपट मागावेत.

जिल्ह्याचा आकडा कोणत्या सालचा?

मुलांच्या पोषणाबद्दल सर्वाधिक वापरली जाणारी माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम करते आणि जिल्हानिहाय माहितीपत्रके विनामूल्य उपलब्ध असतात. पाचव्या फेरीनुसार राज्यात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. आधीच्या फेरीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते.

या फेरीवर ‘२०१९-२१’ असे लिहिलेले असते. महाराष्ट्रातील घरोघरची पाहणी मात्र २०१९ मध्येच उरकली होती. म्हणजे करोनाच्या आधी. दापोली आणि मंडणगडला झोडपून काढणारे निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आले, त्याच्याही आधी. सुपारी-नारळाच्या बागा आडव्या होण्याआधीची, शाळा बंद पडण्याआधीची ही स्थिती आहे. तरीही ‘सध्या रत्नागिरी जिल्ह्यात’ असे म्हणून हे आकडे अहवालांत सर्रास वापरले जातात.

महिन्याला ताजी होणारी माहिती हवी असेल तर २०२१ पासून सुरू झालेला ‘पोषण ट्रॅकर’ आहे. अंगणवाडी सेविका मोबाइलवर मुलांची उंची आणि वजन नोंदवतात, त्यावर तो चालतो. पण दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले पाचव्या सर्वेक्षणात देशभरात १९.३ टक्के होती. २०२४ मध्ये पोषण ट्रॅकरवर हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास दिसत होते. कुपोषण एवढे घटले, असा निष्कर्ष इथे घाईचा ठरेल. सर्वेक्षण निवडक घरांत जाऊन प्रशिक्षित पथकाने मोजलेले असते. ट्रॅकरमध्ये फक्त अंगणवाडीत नोंद असलेली आणि त्या महिन्यात मोजली गेलेली मुले येतात. भागाकारातला छेद वेगळा असेल तर उत्तर वेगळे येणारच. गावाला स्वतःच्या अंगणवाडीतली मुले महिन्यागणिक कशी वाढताहेत हे पाहायचे असेल तर ट्रॅकरची नोंद उपयोगाची. जिल्ह्याची राज्याशी तुलना करायची असेल तर सर्वेक्षण.

मुलांना वाचता येते का, याचा ‘असर’ अहवाल प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघतो. जिल्ह्यामागे ३० गावे आणि गावामागे २० घरे, अशी त्याची निवड असते. त्यामुळे ‘असर’मध्ये बुरोंडीचा आकडा शोधण्यात अर्थ नाही. तो गावाचा आकडा देण्यासाठी बनलेलाच नाही. मात्र त्याची चाचणी इतकी सोपी आहे (अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट) की कोणतीही शाळा व्यवस्थापन समिती ती आपल्या वाडीत एका रविवारी घेऊ शकते.

आणि जनगणना. गावपातळीवर अधिकृत म्हणता येईल अशी लोकसंख्या आजही २०११चीच वापरावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा भाषणांत अभिमानाने सांगितला जातो. पण शून्य ते सहा वयोगटात मुलांमागे मुलींचे प्रमाण हजाराला ९३६ होते. पहिला आकडा मुख्यतः पुरुष मुंबईला चाकरीसाठी गेल्याचे सांगतो, दुसरा मुलींच्या जन्माबद्दल. दोन्ही एकाच जनगणनेतले आहेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. गावाची तपशीलवार आकडेवारी त्यानंतरच येईल.

संशोधन मोफत कुठे मिळते?

‘कोकणातील शाळा’ किंवा ‘मच्छीमार समाजातील शिक्षण’ यावर कुणी अभ्यास केला आहे का, हे पाहायचे तर ‘शोधगंगा’ हे पहिले ठिकाण. देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात. मुंबई विद्यापीठाचे मराठीतील प्रबंधही त्यात आहेत. दर्जा एकसारखा नाही, हे मान्यच. पण प्रबंधाच्या शेवटी असलेली संदर्भसूचीच अनेकदा जास्त उपयोगी पडते. कायद्यांच्या सुधारित प्रतींसाठी केंद्र सरकारचे ‘इंडिया कोड’ आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला नापास करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. बाजारात मिळणाऱ्या जुन्या पुस्तिकेत हे सापडत नाही.

माहिती वापरायची कुठे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. शाळा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. यांपैकी किती समित्या कागदावरच आहेत, हे ज्या त्या गावाला माहीत असते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात आणि शाळाही जूनच्या मध्यावर सुरू होते. एरवी समुद्रावर असणारे वडीलही या दोन महिन्यांत पालकसभेला येऊ शकतात. पट ३० सप्टेंबरला गोठतो. त्याआधी यू-डायसवरची आपल्या शाळेची नोंद, अंगणवाडीतील मुलांची उंची-वजने आणि ग्रामपंचायतीचा १० टक्क्यांचा हिशेब एवढे तीन कागद सभेत वाचायला मागता येतात. हिशेब मिळाला नाही तर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करता येतो आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला, तर उत्तर पट गोठण्याआधी हातात येते.